आधी वाचा, मग दाबा

श्रावण लागला होता. भाताची लावण आटपली होती. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात आबा सोप्यात बसले होते. हातात मोबाईल होता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

आबा रात्रीच्या वर्गात शिकायला लागले, त्याला आता वर्ष होत आले. पूर्वी आबांची सही म्हणजे अंगठा. आता ते पेपरातल्या मथळ्यावर बोट ठेवून सावकाश वाचतात. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने दिवाळीला आबांना नवा मोबाईल घेऊन दिला. त्यात नवे सिमकार्ड घातले. बँकेत जाऊन तो नवा नंबर लिहूनही दिला.

आबांची अडचण अशी होती. पीएम किसान योजनेतून पात्र शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये मिळतात. २००० रुपयांचा एक असे ते तीन हप्ते असतात. २०१९ साली ही योजना सुरू झाली. पुढे सरकारने ओळख पटवण्याचा नियम केला. त्याला ई-केवायसी म्हणतात. ती केली नाही की हप्ता अडतो. आबांचा हप्ता असाच अडला होता. युरियाची पोती तर उधारीवर आणली होती.

आबांनी मोबाईलवर ओळख पटवायला घेतली. आधारचा नंबर टाकला. बटण दाबले. पडद्यावर तांबडी अक्षरे आली. आबांनी पुन्हा दाबले. पुन्हा तांबडी अक्षरे. दहा वेळा दाबले, दहा वेळा तेच.

शेजारचा एक जण म्हणाला, "आबा, नेटवर मदतीचा नंबर गावतोय. ह्यो घ्या, लावा."

आबांनी तो नंबर लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "काळजी करू नका, बाबा. मी ऑफिसमधूनच बोलतोय. तुमच्या एटीएम कार्डावरचे आकडे सांगा." आबांनी सांगितले. "आता मोबाईलवर सहा आकडे येतील. तेवढे वाचून दाखवा. पाच मिनिटांत काम होईल."

निरोप आला. तो इंग्रजीत होता. आबांना इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी आकडे वर्गात गिरवून घेतले होते. आबांनी बोट ठेवून आकडे पाहिले. सहा आकडे होतेच. पण त्यांच्या आधी आणखी एक आकडा होता. ९५००.

आबा थबकले. "मला दोन हजार यायचं हाईत. मग हे साडेनऊ हजार कुणाचं?"

पलीकडचा माणूस घाई करू लागला. "अहो, लवकर सांगा! वेळ संपत आली!"

आबांनी फोन ठेवून दिला.

आबांचे साडेनऊ हजार रुपये वाचले. कशामुळे वाचले? आकडे सांगण्याआधी आबांनी ते वाचले, म्हणून वाचले.

नात विचारते, आबा सांगतात

संध्याकाळी नात कॉलेजातून आली. आबांनी तिला सगळे सांगितले. तिने आधी एक काम केले. बँकेच्या पासबुकावर छापलेला नंबर पाहून बँकेला फोन लावला आणि आबांचे कार्ड बंद करून घेतले. मग ती आबांजवळ बसली.

"आबा, फोन काय म्हणत हुता ते वाचलंसा का?"

"काय म्हणणार? तांबडी अक्षरं दाखवतोय. बिघडलाय ह्यो."

"बरं, मला सांगा. शेताला पाणी आलं न्हाई तर तुम्ही काय करता? मोटार उचलून दुकानात नेता का?"

आबा हसले. "तसं कसं? आधी मोटार बघतो. लाईट हाय का, फ्यूज गेलाय का. मग पाइप कुठं फुटलीया का बघत नदीपातूर जातो. नदीत पाणी हाय का बघतो. बंधाऱ्याचं बरगं काढलं असलं तर पाणी खालीच जातंय. तिथं मोटारीला शिव्या देऊन काय उपेग? आन सगळं बरोबर असलं तर पाटकऱ्याला इचारतो, बाबा, वहीत माझी पाळी कवा हाय?"

"मग झालं की! मोबाईलचं बी तसंच हाय."

नातीचे म्हणणे खरे आहे. मोबाईलवर काम अडले तर चार ठिकाणे पाहायची. मोटार म्हणजे आपला मोबाईल. पाइप म्हणजे रेंज. नदी म्हणजे पलीकडचे मोठे यंत्र. त्याला सर्व्हर म्हणतात. आणि पाटकऱ्याच्या वहीतले नाव म्हणजे आपले खाते व त्याची किल्ली.

या चारांपैकी दोष कुठे आहे, हे बहुतेक वेळा मोबाईल स्वतःच सांगतो. ती तांबडी अक्षरे म्हणजे त्याची चिठ्ठी असते. चिठ्ठी आली तर ती वाचावी.

चिठ्ठी इंग्रजीत असेल तर? मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'भाषा' असते. तिथे मराठी निवडता येते. मग बऱ्याच चिठ्ठ्या मराठीत येतात. तरी काही इंग्रजीतच राहतात. त्यांतले नेहमीचे बोल ओळखून ठेवा. 'नो इंटरनेट' म्हणजे नेट नाही, पाइप पाहा. 'सर्व्हर एरर' म्हणजे नदीकडे अडचण आहे. 'इनव्हॅलिड' किंवा 'राँग' म्हणजे तुम्ही लिहिलेले चुकले. 'ट्राय अगेन लेटर' म्हणजे थोड्या वेळाने या.

आता एकेक ठिकाण पाहू.

पहिले ठिकाण : आपला मोबाईल

पडद्याच्या वरच्या कडेला पाहा. विमानाचे चित्र दिसते का? दिसत असेल तर मोबाईलने सगळे दरवाजे लावून घेतले आहेत. फोनही लागणार नाही, नेटही चालणार नाही. वरून खाली बोट ओढा. विमानाच्या चित्रावर एकदा दाबा. ते बंद होईल. तिथेच 'मोबाईल डेटा' असते. ते चालू आहे का पाहा.

मोबाईलमध्ये दोन सिमकार्डे असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. नेटचे पैसे एका सिमवर भरलेले आणि मोबाईल नेट मागतो दुसऱ्या सिमवरून, असे पुष्कळदा होते.

मग तारीख आणि वेळ पाहा. तुम्ही म्हणाल, तारखेचा आणि नेटचा काय संबंध? संबंध आहे. पलीकडचे यंत्र आपल्या मोबाईलला ओळखीचा दाखला दाखवते. त्या दाखल्यावर मुदत असते. मोबाईल आपल्या घड्याळाशी ती मुदत ताडून पाहतो. घड्याळ दोन वर्षे मागे असले तर खरा दाखलाही त्याला खोटा वाटतो. मग तो जोडणी नाकारतो. सेटिंगमध्ये तारीख आपोआप लावण्याची सोय असते. ती चालू ठेवा.

मोबाईलची जागा भरली असेल तरी कामे अडतात. धान्याची कणगी भरली की नवे पोते कुठे ओतणार? रोजचे 'शुभ सकाळ'चे फोटो आणि व्हिडिओ साठून साठून जागा भरते. नको ते पुसून टाका. ॲप जुने झाले असेल तर प्ले स्टोअरमधून नवे करून घ्या.

एवढे करून भागले नाही तर मोबाईल बंद करा. एक मिनिट थांबा. पुन्हा चालू करा. हा उपाय साधा आहे, पण बरेचदा लागू पडतो. आत अडकून बसलेली कामे त्याने मोकळी होतात.

दुसरे ठिकाण : रेंज

मोबाईल टॉवरशी बोलतो तो हवेतल्या लहरींनी. मध्ये डोंगर आला की लहरी अडतात. म्हणून शिरोळच्या सपाट रानात रेंज मिळते आणि गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या दरीत ती पळते. हा मोबाईलचा दोष नव्हे. चार पावले उंचावर जावे. घराबाहेर मोकळ्यावर यावे.

टॉवरला वीज लागते. वीज फार वेळ गेली आणि तिथली बॅटरीही संपली की टॉवर मुका होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी वीज जाते आणि तिच्यामागून रेंजही जाते. म्हणून नदीकाठच्या लोकांनी महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून ठेवावेत. कागदाला रेंज लागत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. फोन लागतो म्हणून नेट चालतेच असे नाही. आबांचा फोन लागत होता, निरोपही येत होता, पण नेट बंद होते. नेटचे पैसे वेगळे असतात. दिवसाचा वाटा ठरलेला असतो. नातवंडांनी व्हिडिओ पाहून दुपारीच तो संपवला की संध्याकाळी नेट रांगते किंवा थांबते.

पाइप बरी आहे का हे कसे ओळखावे? दुसरे काहीतरी उघडून पाहा. हवामान पाहा, बातमी पाहा. ते उघडले तर पाइप बरी आहे. तेही उघडले नाही तर दोष रेंजचा किंवा रिचार्जचा.

तिसरे ठिकाण : सर्व्हर

आपण बटण दाबतो तेव्हा आपला निरोप दूरच्या एका मोठ्या यंत्राकडे जातो. तिथे सगळ्यांची दप्तरे असतात. तलाठ्याच्या चावडीत शंभर माणसे एकदम घुसली तर काय होईल? कुणाचेच काम होणार नाही. सर्व्हरचेही तसेच होते. शेवटच्या तारखेला सगळे एकदम येतात आणि यंत्र गुदमरते.

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करतो. ती पुढे सातबाऱ्यावर लागते. अशा कामाला मुदत असते. शेवटच्या दिवसावर ते टाकू नका. पहाटे किंवा रात्री उशिरा गर्दी कमी असते. तेव्हा करा.

सर्व्हर बंद पडणे ही गोष्ट फक्त सरकारी कामातच होते असे समजू नका. १४ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गूगलची खाती जगभर सुमारे पाऊण तास उघडत नव्हती. माणसांची ओळख तपासणारे त्यांचे यंत्रच अडले होते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. त्या वेळी पुष्कळांनी आपला मोबाईल बंद-चालू केला, काहींनी ॲप काढून टाकले. त्याचा काही उपयोग नव्हता. दोष त्यांच्या घरी नव्हताच.

म्हणून शेजाऱ्याला विचारा, "तुमचं चालतंय का?" त्याचेही अडले असेल तर दोष नदीकडचा आहे. तिथे आपण एकच करायचे. थांबायचे.

चौथे ठिकाण : खाते आणि किल्ली

मोबाईल चांगला, रेंज चांगली, शेजाऱ्याचे काम होते, पण आपले होत नाही. मग किल्ली पाहा.

पासवर्ड म्हणजे आपल्या खात्याची कायमची किल्ली. तो लिहिताना इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरतात. शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली तरी चालत नाही. मोबाईलच्या अक्षरपट्टीवर मराठी लावलेली असेल तर आकडेही कधी मराठीत उमटतात. काही ठिकाणी ते चालत नाहीत. तिथे इंग्रजी आकडेच लागतात.

चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नका. खाते काही वेळ बंद होते. चोर कुलपाशी खटपट करतो आहे, असे यंत्राला वाटते. दोनदा चुकले की हात आवरा. तिथेच 'पासवर्ड विसरलात?' असे लिहिलेले असते. त्यावर दाबा आणि नवा करून घ्या.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. तिला थोडा वेळच आयुष्य असते. आधारचा ओटीपी दहा मिनिटे चालतो. आणि पुन्हा पुन्हा मागितला तर बहुधा शेवटचाच चालतो, आधीचे बाद होतात.

ओटीपी येतो तो त्या खात्याला जोडलेल्या नंबरवर. आपल्या हातात कोणता मोबाईल आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. वहीत कोणता नंबर लिहिला आहे, तेवढेच त्याला ठाऊक असते.

आणखी एक चूक आपण करतो. नवा मोबाईल घेतो आणि दुकानदाराला म्हणतो, "सगळं तुम्हीच लावून द्या." तो खाते काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो. पुढे मोबाईल ते खाते मागतो आणि आपल्याला नावही ठाऊक नसते. तसे करू नका. खात्याचे नाव आणि पासवर्ड आपल्या हाताने लिहून घ्या. कागद घरात पेटीत ठेवा. मोबाईलच्या मागे चिकटवू नका. कुलपालाच किल्ली बांधून ठेवण्यातला तो प्रकार होईल.

काम अडले म्हणून रागाने सगळा मोबाईल कोरा करू नका. कोरा केल्यावर तो आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो. ॲपही घाईने काढू नका. न पाठवलेले फोटो आणि माहिती त्याच्याबरोबर जाऊ शकते.

मग आबांचे काय झाले?

नातीने आबांनाच चिठ्ठी वाचायला लावली. आबांनी बोट ठेवून वाचले, "इंटरनेट... जोडणी... तपासा."

"म्हंजे पाइप बघायची," आबा म्हणाले.

पाहिले तर मोबाईल डेटा बंद होता. बोट लागून बंद झाला असावा. चालू केला. आधारचा नंबर टाकला. आता तांबडी अक्षरे आली नाहीत. "आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे," असे आले.

दोघे वाट बघत बसले. पाच मिनिटे झाली. काही नाही. पुन्हा मागितला. पुन्हा काही नाही.

तेवढ्यात आजी चुलीपुढून ओरडली, "आगं पोरी, माझा फोन सारखा वाजतोय बघ. डेरीचं बिल आलंय काय?"

नात उठून गेली. आजीचा जुना बटणाचा फोन फडताळात होता. दूध डेरीचे निरोप त्यावर येत. त्यात दोन ओटीपी येऊन पडले होते.

आबांनी कपाळावर हात मारला. "आधार काढताना ह्योच नंबर दिल्ता. तवा घरात येकच फोन हुता!"

घाईत त्यांनी आधी आलेला ओटीपी टाकला. चालला नाही. मग शेवटचा टाकला. पडद्यावर हिरवी अक्षरे आली. आबांनी ती मोठ्याने वाचली. ओळख पटली होती.

पुढच्या आठवड्यात आबा आधार केंद्रावर गेले आणि आपला नवा नंबर जोडून आले.

घाई हीच चोराची शिडी

मंडळी, काम अडले की माणूस घाबरा होतो. घाबरा माणूस घाई करतो. चोर त्याचीच वाट पाहत असतो. काही लोक नेटवर मदतीचे खोटे नंबर टाकून ठेवतात. म्हणून मदतीचा नंबर नेटवरून कुठूनही उचलू नका. पासबुकावर, कार्डावर किंवा सरकारी कागदावर छापलेला असेल तोच घ्या. आधारची मदत १९४७ या नंबरवर मिळते.

ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेचा साहेब म्हणाला तरी सांगू नका. खरा साहेब तो मागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजू नका आणि रडत बसू नका. त्याच घटकेला १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

घरात कळणारे कुणी नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात जा. तिथेही ओटीपी आपणच टाका, आणि तो कशासाठी आहे ते विचारून मग टाका.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. रयतेला वाचता यावे, कुणी तिला फसवू नये, अक्षराचा हाच तर उपयोग. तेव्हा सावकाराचा कागद होता. आज मोबाईलचा पडदा आहे. कागद बदलला, पण वाचल्याशिवाय अंगठा उठवू नये हा नियम बदललेला नाही.

लक्षात ठेवा

१. तांबडी अक्षरे आली की थांबा. ती वाचा.
२. चार ठिकाणे पाहा : मोबाईल, रेंज, सर्व्हर, किल्ली.
३. शेजाऱ्याचे चालते का ते विचारा.
४. पासवर्ड दोनदा चुकला की हात आवरा.
५. कोणता नंबर कुठे जोडला आहे, ते वहीत लिहून ठेवा.
६. ओटीपी कुणालाही सांगू नका.

विचार करा आणि सांगा

१. आबांचा फोन लागत होता, पण नेट का चालत नव्हते?
२. ओटीपी आजीच्या फोनवर का गेला?
३. तुमच्या आधारला आणि बँकेला कोणता नंबर जोडला आहे? आज घरी जाऊन पाहा आणि वहीत लिहा.